लाल तांबोशी, म्हणजेच ल्युट्जॅनस बोहार: जीवशास्त्र आणि अधिवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तांबोशी म्हणजे नेमका कोणता मासा?

तांबोशी किंवा स्नॅपर हे नाव एका जातीचे नसून ल्युट्जॅनिडी या संपूर्ण कुळासाठी सैलपणे वापरले जाते. या कुळात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या ल्युट्जॅनस प्रजातीत मोडतात. काही जाती खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात, काही शेकडो मीटर खोलीवर राहतात आणि बऱ्याचशा प्रवाळभित्तींच्या आसऱ्याने जगतात. येथील प्रश्नोत्तरे प्रामुख्याने यांतल्या एका जातीविषयी, म्हणजे ल्युट्जॅनस बोहार हिच्याविषयी आहेत. इंग्रजीत तिला ‘टू-स्पॉट रेड स्नॅपर’, तर ऑस्ट्रेलियात ‘रेड बास’ म्हणतात. ज्या भित्तींवर मासेमारी जवळजवळ होत नाही तेथे ही तांबोशी शार्कच्या बरोबरीने वावरणारी शिकारी आहे, आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज तिचे आयुष्य किती लांब असते हे लक्षात न घेतल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

ती ओळखावी कशी?

शरीर भक्कम, बऱ्यापैकी उंच आणि दोन्ही बाजूंनी किंचित चपटे असते. पाठ गडद तपकिरी-लाल, बाजू लालसर आणि प्रत्येक खवल्याचा मध्यभाग फिकट दिसतो. परांच्या कडा गडद, कधी कधी जवळजवळ काळ्या असतात. पाठीच्या परात १० टणक काटे आणि त्यामागे १३ ते १४ मऊ किरण असतात, तर गुदपरात ३ काटे आणि साधारण ८ किरण असतात. वरच्या जबड्यातील पुढचे सुळे बंद तोंडातूनही नजरेस पडतील इतके ठळक असतात.

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण मात्र डोके नीट पाहिल्यावरच सापडते. डोळ्याच्या पुढच्या कडेपासून नाकपुड्यांकडे जाणारी एक खोल खाच या जातीत स्पष्ट असते. लहान व मध्यम वयाच्या माशांच्या पाठीवर, पृष्ठपराच्या बुडाशी, दोन चंदेरी-पांढरे ठिपके असतात. वाढत्या आकाराबरोबर हे ठिपके पुसट होत जातात आणि मोठ्या माशात बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे नावातल्या ‘दोन ठिपक्यां’वर फार विसंबून राहू नये.

कोणत्या माशांशी तिची गल्लत होते?

सर्वाधिक गल्लत होते ती ल्युट्जॅनस अर्जेंटिमॅक्युलॅटस या खारफुटीत वाढणाऱ्या तांबोशीशी. दोघींचा रंग आणि बांधा सारखाच असतो, पण खारफुटीच्या तांबोशीला डोळ्यापुढची ती खोल खाच नसते. ल्युट्जॅनस गिबस या जातीची पाठ डोक्यामागे कुबडासारखी उंचावलेली असते आणि शेपटीची टोके गोलसर, वल्ह्यासारखी असतात. ल्युट्जॅनस सेबीच्या पिल्लांवर तीन रुंद गडद पट्टे असतात, त्यामुळे लहान वयात तरी तिच्याबाबत शंका उरत नाही. ही ओळख केवळ हौसेची बाब नाही, कारण या जातींच्या मांसाची सुरक्षितता सारखी नसते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कोणी केले?

पीटर फॉर्स्कॉल या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेली अरबस्तान मोहीम १७६१ साली कोपनहेगनहून निघाली, तिच्यात तो होता. लाल समुद्रातील मासे, प्रवाळ आणि वनस्पती यांच्या त्याने तपशीलवार नोंदी केल्या, पण १७६३ साली येमेनमध्ये तापाने त्याचा मृत्यू झाला. मोहिमेतून जिवंत परतलेला एकमेव सदस्य कार्स्टन नीबूर याने त्या नोंदी १७७५ साली प्रसिद्ध केल्या, म्हणून या जातीच्या नावापुढे फॉर्स्कॉल आणि १७७५ असे लिहिले जाते. भित्तींवरील कितीतरी परिचित माशांची नावे याच एका अकाली संपलेल्या प्रवासातून आलेली आहेत.

ती जगात कोठे आढळते?

हिंदी महासागर आणि पश्चिम व मध्य प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्यात ती आढळते. लाल समुद्र आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा ही पश्चिमेकडची टोके, तर मार्केसास आणि लाइन बेटे ही पूर्वेकडची. उत्तरेला जपानच्या र्‍युक्यू बेटांपर्यंत आणि दक्षिणेला ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा पसारा आहे. अटलांटिक महासागरात ती नाही. तेथील भित्तींवर याच कुळातील वेगळ्या जाती राहतात. मोठ्या भूभागांच्या किनाऱ्यापेक्षा महासागरातील सुट्या बेटांभोवती आणि कंकणद्वीपांभोवती, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटांभोवती, तिची संख्या अधिक असते.

भित्तीच्या कोणत्या भागात ती राहते?

प्रवाळभित्ती ही एकसारखी जागा नसते. आतल्या बाजूला शांत, उथळ लगून, मध्ये लाटा झेलणारा भित्तीचा माथा, बाहेरच्या बाजूला खोल समुद्राकडे उतरत जाणारा उतार आणि या सर्वांना जोडणाऱ्या, भरती-ओहोटीचे पाणी जोरात वाहून नेणाऱ्या खिंडी अशी तिची रचना असते. पूर्ण वाढलेली लाल तांबोशी प्रामुख्याने बाह्य उतारावर, कड्यासारख्या तुटलेल्या भागाजवळ आणि खिंडींच्या तोंडाशी दिसते. लगूनमध्येही ती असते, पण मोठे मासे तेथे त्या मानाने कमी असतात. तिची नोंद ४ मीटरपासून सुमारे १८० मीटर खोलीपर्यंत झालेली आहे, मात्र बुडी मारणाऱ्या पाणबुड्या माणसांना ती सहसा १० ते ७० मीटर या पट्ट्यात भेटते.

खिंडी आणि कडे यांची ही ओढ समजण्यासारखी आहे. प्रवाह जेथे जोराचा असतो तेथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जास्त येते, प्लवकावर जगणाऱ्या लहान माशांचे थवे तेथे जमतात, आणि त्या थव्यांवर नजर ठेवून राहणाऱ्या शिकाऱ्याला अन्नाच्या शोधात फार भटकावे लागत नाही. शिवाय कड्याच्या कपारींमध्ये प्रवाहापासून आडोसा घेता येतो. ही तांबोशी बहुधा एकेकटी किंवा लहान गटांत फिरते. निळ्या पट्ट्यांच्या ल्युट्जॅनस काश्मिरासारखे दिवसभर एकाच जागी तरंगत राहणारे दाट थवे ती सहसा करत नाही.

पिल्ले उथळ भागात, प्रवाळांच्या फांद्यांजवळ आणि भित्तीच्या तुटक्या भागात राहतात. येथेही तिचे खारफुटीच्या तांबोशीहून वेगळेपण दिसते. खारफुटीची तांबोशी लहानपण खाडीत आणि नदीमुखात काढून मोठेपणी बाहेरच्या भित्तींकडे सरकते, तर लाल तांबोशीचे सारे आयुष्य प्रवाळभित्तीवरच जाते. म्हणून एखाद्या भागातील कांदळवन तोडले गेले तर त्याचा थेट फटका पहिल्या जातीला बसतो, दुसरीला तितका बसत नाही.

लाल रंगामुळे ती शत्रूंच्या नजरेत भरत नाही का?

नाही. सूर्यप्रकाशातील लाल छटा समुद्राच्या पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषली जाते, त्यामुळे दहा-पंधरा मीटरांच्या खाली हाच मासा राखाडी-तपकिरी दिसतो. पाण्याबाहेर काढल्यावर दिसणारा तांबडेपणा त्याच्या रोजच्या जगात जवळजवळ अस्तित्वातच नसतो.

ती काय खाते?

मुख्यतः मासे. त्यांच्या जोडीने खेकडे, कोळंबी, माकूल, सागरी गोगलगायी, उभयपाद आणि इतर लहान कवचधारी प्राणीही तिच्या पोटात सापडलेले आहेत. जबड्याच्या पुढच्या भागातील सुळे निसटणारी शिकार अडकवून धरण्यासाठी असतात, आणि टाळूवरच्या बारीक दातांमुळे पकड आणखी घट्ट होते. तांबोशी शिकार सहसा चावून खात नाही. ती शिकार पकडते आणि आख्खी गिळते.

तांबोशीच्या अनेक जाती दिवसा थव्याने विसावा घेतात आणि रात्री पांगून शिकार करतात. लाल तांबोशी या बाबतीत अधिक लवचीक आहे. तिन्हीसांज आणि पहाटेची वेळ तिच्या फायद्याची असते, कारण उतरत्या उजेडात लहान मासे आसरा बदलत असतात; तरीही दिवसाढवळ्या संधी मिळाल्यास ती सोडत नाही.

तिची पिल्ले दुसऱ्याच माशांसारखी का दिसतात?

हा या जातीच्या जीवनातला सर्वांत धूर्त टप्पा आहे. भित्तीवर क्रोमिस नावाचे लहान मासे मोठ्या संख्येने असतात. ते पाण्यातील प्लवक टिपून जगतात, त्यामुळे इतर लहान प्राण्यांना त्यांची भीती वाटत नाही. लाल तांबोशीची पिल्ले रंग, शरीराची ठेवण आणि पोहण्याची ढब या तिन्ही बाबतींत क्रोमिसची नक्कल करतात आणि त्यांच्याच थव्यात मिसळून फिरतात. ज्यांना खायचे आहे त्यांच्या अगदी जवळ, संशय न येता, पोहोचता येते आणि थव्यात लपल्यामुळे मोठ्या शिकाऱ्यांपासूनही बचाव होतो. जीवशास्त्रात याला आक्रमक अनुकरण म्हणतात. क्रोमिसच्या आकारापलीकडे वाढ झाली की हे सोंग निरुपयोगी ठरते आणि पिल्लू प्रौढ रंगरूप धारण करते.

मोठेपणी तिचे लिंग बदलते का?

बदलत नाही. भित्तीवरील पोपटमासे आणि अनेक गोबरे (ग्रूपर मासे) आयुष्यात मादीचे नर होतात, त्यामुळे सर्वच भित्तीवासी मासे तसेच असतील असा समज होतो. तांबोशींमध्ये नर आणि मादी आयुष्यभर वेगळे असतात. बाहेरून पाहून मात्र त्यांच्यात फरक करता येत नाही.

प्रजनन केव्हा आणि कसे होते?

नर आणि मादी पाण्यातच शुक्राणू आणि अंडी सोडतात. घरटे नाही, जोडी नाही, अंड्यांची राखण नाही. एरवी एकेकट्या राहणाऱ्या या माशांनी एकाच वेळी एकाच जागी जमणे त्यामुळे आवश्यक ठरते, आणि ते चंद्राच्या कलांशी जुळवून घेतलेले असते. प्रशांत महासागरातील पलाऊ येथे लाल तांबोशीचे असे मेळावे पौर्णिमेच्या सुमारास भित्तीच्या बाह्य कडेवर भरतात. तेथे प्रचंड संख्येने जमलेल्या माशांमधून लहान लहान गट एकाएकी वरच्या दिशेने झेपावतात, वर पोहोचताच अंडी व शुक्राणू सोडतात आणि पुन्हा खाली येतात; पाणी काही क्षण दुधाळ होते.

जागा आणि वेळ या दोहोंमागे एकच कारण असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती-ओहोटी असते, आणि भित्तीच्या कडेवर सोडलेली अंडी ओहोटीच्या जोरदार प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात वाहून जातात. भित्तीवर प्लवक खाणारी तोंडे असंख्य असतात, तेव्हा अंडी जितक्या लवकर तेथून दूर जातील तितके बरे. तरीही या मेळाव्यांच्या जागी अंडी खाणारे मासे आणि प्रौढांवर टपलेले शार्क यांची गर्दी असतेच.

अंड्यापासून भित्तीवरील पिल्लापर्यंतचा प्रवास किती दिवसांचा असतो?

साधारण महिना, कधी त्याहून थोडा अधिक. तांबोशींची अंडी एक मिलिमीटरपेक्षा लहान, पारदर्शक आणि तरंगणारी असतात. आत तेलाचा एक थेंब असतो. उबदार पाण्यात ती साधारण दिवसभरात उबतात. बाहेर पडलेल्या डिंभाला, म्हणजे अपूर्ण वाढीच्या पिल्लाला, सुरुवातीला उघडे तोंडही नसते, तो बलकावर जगतो. पुढे त्याच्या परांवर आणि कल्ल्यांच्या झाकणावर शरीराच्या मानाने अतिशय लांब काटे फुटतात. शेवटच्या टप्प्यात तो चांगला पोहू लागतो आणि वास व आवाज यांच्या मदतीने भित्तीचा माग काढतो, म्हणजे केवळ प्रवाहाच्या भरवशावर तो तेथे येऊन पडतो असे नाही.

ही तांबोशी किती वर्षे जगते, आणि हे कळते कसे?

माशाच्या डोक्यात, आतल्या कानात, कॅल्शियम कार्बोनेटचे छोटे खडे असतात. त्यांना कर्णाश्म म्हणतात. मासा जिवंत असेपर्यंत त्यांच्यावर थर चढत राहतात आणि हंगामानुसार ते थर कमी-अधिक अपारदर्शक होतात. कर्णाश्माचा अतिशय पातळ आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे वार्षिक रेषा मोजता येतात. उष्ण कटिबंधात ऋतूंमधील फरक कमी असल्याने अशा रेषा उमटतच नसाव्यात, असे पूर्वी अनेकांना वाटत असे. त्यामुळे प्रवाळभित्तींवरील माशांचे वय अनेक दशके केवळ लांबीवरून अंदाजाने ठरवले गेले आणि ते बहुधा फारच कमी धरले गेले. नंतर माशांना कर्णाश्मावर खूण सोडणारे रसायन टोचून, त्यांना सोडून आणि पुन्हा पकडून रेषा खरोखरच वर्षाला एक पडते का हे तपासले गेले.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवरील लाल तांबोशींच्या कर्णाश्मांमधून पन्नाशी ओलांडलेले मासे प्रथम समोर आले. त्याहून मोठा धक्का २०२० मध्ये बसला. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर असलेल्या राउली शोल्स या भित्तींवरून पकडलेल्या एका मिडनाइट स्नॅपरचे, म्हणजे मॅकोलर मॅक्युलॅरिस या तांबोशी-कुळातीलच माशाचे, वय ८१ वर्षे असल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले, आणि त्याच अभ्यासात तेथील एक लाल तांबोशी ७९ वर्षांची निघाली. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दरम्यानच्या काळात भित्तीवर आलेला मासा एकविसाव्या शतकापर्यंत तेथेच शिकार करत होता.

मग सर्वांत मोठा मासा हाच सर्वांत वयस्कर असतो, असे म्हणता येईल का?

म्हणता येत नाही, आणि या जातीविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच ठेवावी. लाल तांबोशी सुमारे ९० सेंटीमीटर लांबीपर्यंत आणि १२ किलोच्या आसपास वजनापर्यंत वाढू शकते, पण तिची बरीचशी वाढ आयुष्याच्या पहिल्या भागात होते आणि नंतर वेग इतका मंदावतो की पुढची कित्येक दशके लांबीत नगण्य भर पडते. त्यामुळे एकाच लांबीचे दोन मासे शेजारी ठेवले तर एक वीस वर्षांचा आणि दुसरा पन्नास वर्षांचा असू शकतो. मोजपट्टी यातला फरक सांगू शकत नाही.

याला जोडून दुसरी गोष्ट येते. ग्रेट बॅरियर रीफवरील अभ्यासानुसार मादी प्रथम अंडी घालण्यायोग्य होते ती साधारण ४३ सेंटीमीटर लांबीला आणि नऊ वर्षांच्या सुमारास. नर त्या मानाने कितीतरी लवकर प्रौढ होतात. म्हणजे दिसायला चांगला भरलेला मासाही अद्याप एकदाही न व्यालेली मादी असू शकतो. अशा जातीत लांब आयुष्य हा एक प्रकारचा विमा असतो. ज्या वर्षी प्रवाह आणि तापमान अनुकूल नसेल त्या वर्षी जवळजवळ सर्व डिंभ मरतात. पण मादी पुढची तीस-चाळीस वर्षे अंडी घालणार असेल तर त्यांतली काही चांगली वर्षे पुरेशी ठरतात. जुनी मासळी काढून टाकली की हा विमाच नाहीसा होतो, आणि राहिलेली संख्या वरकरणी ठीक दिसत असली तरी लागोपाठच्या काही वाईट वर्षांत कोसळू शकते.

भित्तीच्या परिसंस्थेत तिचे स्थान काय?

शार्क, मोठे गोबरे आणि मोठ्या कोकरींबरोबर (ट्रेव्हली माशांबरोबर) ती अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असते. मध्य प्रशांतातील लाइन बेटांवर २००५ साली झालेल्या पाहणीत याचे चित्र ठळकपणे पुढे आले. निर्मनुष्य किंगमन रीफवर माशांच्या एकूण वजनापैकी सुमारे ८५ टक्के वजन वरच्या शिकाऱ्यांचे होते, तर वस्ती असलेल्या किरितिमातीवर ते १९ टक्के इतकेच होते. किंगमन आणि शेजारच्या पाल्मायरा कंकणद्वीपावरच्या या शिकाऱ्यांमध्ये शार्कखालोखाल लाल तांबोशीचा मोठा वाटा असतो.

अशा आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. मोठे शिकारी मासे पाणबुड्यांभोवती कुतूहलाने जमतात आणि लाल तांबोशी तर त्यात विशेष धीट आहे; तोच मासा पुन्हा पुन्हा समोर आला तर तो एकाहून अधिक वेळा मोजला जाण्याची शक्यता असते. या कारणाने शिकाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त नोंदले गेले असावे, असा आक्षेप नंतर घेतला गेला. प्रमाण ८५ टक्के नसेलही, पण माणसाचा वावर वाढला की सर्वांत आधी हेच मासे कमी होतात, यावर फारसा वाद नाही.

ती खाण्यास सुरक्षित आहे का?

प्रवाळ प्रदेशात पकडलेली लाल तांबोशी खाणे टाळावे, असेच स्पष्ट उत्तर द्यावे लागते. सिग्वाटेरा या विषबाधेशी ज्या मोजक्या माशांचे नाव सर्वाधिक वेळा जोडले जाते त्यांत ही जात आहे.

विष मासा स्वतः तयार करत नाही. गॅम्बियरडिस्कस नावाचे एकपेशीय जीव समुद्री शेवाळावर आणि मेलेल्या प्रवाळांच्या पृष्ठभागावर वाढतात. फ्रेंच पॉलिनेशियातील गॅम्बियर बेटांवर ते प्रथम सापडले आणि १९७९ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन झाले. शेवाळ खरवडून खाणारे मासे त्यांना गिळतात, त्या माशांना तांबोशीसारखे शिकारी खातात, आणि प्रत्येक पायरीवर विष साठत जाते. काही प्रकारांत ते माशाच्या शरीरात अधिक तीव्र रूपही घेते. एकदा साठलेले विष सहजी बाहेर पडत नाही. विषारी लाल तांबोशींना बिनविषारी अन्नावर दोन वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवूनही त्यांचा विषारीपणा टिकून राहिल्याचे १९६०च्या दशकातील प्रयोगांत आढळले होते.

हे विष शिजवल्याने, तळल्याने, गोठवल्याने किंवा खारवल्याने नष्ट होत नाही, आणि माशाच्या वासात किंवा चवीत त्याचा काहीही सुगावा लागत नाही. यकृत, आतडी, गाभोळी आणि डोके यांत त्याचे प्रमाण मांसापेक्षा जास्त असते. खाल्ल्यानंतर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात; पाठोपाठ ओठ व हातपाय मुंग्या आल्यासारखे होतात, अंगाला खाज सुटते, नाडी मंदावू शकते आणि थंड वस्तूला हात लावल्यास चटका बसल्यासारखे वाटते. हे शेवटचे लक्षण फार वैशिष्ट्यपूर्ण आहे. मृत्यू क्वचितच होतो, पण मज्जासंस्थेचा त्रास आठवडे किंवा महिने रेंगाळू शकतो. उतारा नाही, उपचार लक्षणांनुसार केले जातात, म्हणून अशा वेळी घरी थांबून न राहता डॉक्टरांकडे जावे आणि कोणता मासा खाल्ला ते सांगावे.

लहान मासा निर्धोक असतो, हा समज पूर्णपणे खरा नाही. काही बेटांवर आकार आणि विषाचे प्रमाण यांचा संबंध आढळला, तर फ्रेंच पॉलिनेशियासारख्या ठिकाणी तो अनेक जातींत आढळलाच नाही. वर सांगितल्याप्रमाणे आकारावरून वयही कळत नसेल, तर इतके लांब आयुष्य असलेल्या माशाने किती वर्षे आणि कोठे विष साठवले हे मोजपट्टीने कसे कळावे? माशीचा, मांजराचा किंवा चांदीच्या नाण्याचा म्हणून जो घरगुती ‘तपास’ सांगितला जातो, त्यातला एकही विश्वासार्ह नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात लाल तांबोशी, ल्युट्जॅनस गिबस आणि सिम्फोरस निमॅटोफोरस हे तिन्ही मासे पकडल्यास सोडून देणे बंधनकारक आहे.

ही विषबाधा अलीकडची आहे का?

अजिबात नाही. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, जुलै १७७४ मध्ये, आजच्या वानुआतूतील मालाकुला बेटाजवळ ‘रेझोल्यूशन’ जहाजावरील काही जण लालसर मासे खाऊन आजारी पडले. नोंदवलेली लक्षणे सिग्वाटेराशी जुळतात आणि ते मासे तांबोशीच असावेत असे मानले जाते, जात कोणतीही असो.

प्रवाळ मेले तर या माशाचे काय होते?

ती प्रवाळ खात नाही, म्हणून परिणाम लगेच दिसत नाही. समुद्राचे तापमान वाढून १९९८ आणि २०१६ प्रमाणे मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडून मेले, तरी त्यांचे सांगाडे काही वर्षे उभे राहतात आणि कपारी व आडोसे टिकून असतात. ते सांगाडे लाटांनी व पोखरणाऱ्या जीवांनी ढासळले की लहान माशांचा आसरा जातो, त्यांची संख्या घटते आणि त्यानंतर शिकाऱ्यांच्या अन्नाला ओहोटी लागते. पिल्ले तर क्रोमिसच्या थव्यांवर अवलंबून असतात, आणि क्रोमिसना लपण्यासाठी जिवंत, फांद्यांचे प्रवाळ लागतात. शिवाय मेलेल्या प्रवाळांवर शेवाळ वाढते, त्या शेवाळावर गॅम्बियरडिस्कस. प्रौढ मासे इतकी वर्षे जगत असल्यामुळे पिल्लांची भरती थांबल्याचे केवळ प्रौढ मोजणाऱ्याच्या कदाचित वीस वर्षेही लक्षात येणार नाही.

जात धोक्यात आहे का?

जागतिक पातळीवर सध्या नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. प्रसार विस्तृत आहे आणि विषबाधेच्या भीतीमुळे अनेक ठिकाणी तिची मासेमारी होत नाही. परंतु एखाद्या बेटाभोवतीची संख्या संपणे ही वेगळी बाब आहे, आणि प्रजनन मेळाव्याची जागा व तिथी ठाऊक असलेल्या थोड्या होड्यादेखील ती संपवू शकतात.

मत्स्यालयात ती पाळता येते का?

घरगुती टाकीत पाळू नये. पिल्लू सुंदर दिसते, पण ते तोंडात मावेल असा प्रत्येक सोबती गिळते आणि पुढे काही दशके जगते. भल्यामोठ्या सार्वजनिक मत्स्यालयाव्यतिरिक्त तिला जागा पुरत नाही.

खोल पाण्यातून गळाला लागलेली तांबोशी सोडून दिली तर ती जगते का?

खोलीवर आणि हाताळणीवर ते अवलंबून असते. तांबोशीचे वाताशय, म्हणजे तरंगण्यास मदत करणारी शरीरातील वायूची पिशवी, बंद असते, त्यातील वायू तोंडावाटे पटकन बाहेर सोडता येत नाही. तीस-चाळीस मीटरांवरून वेगाने वर ओढल्यास दाब कमी होऊन वायू फुगतो, डोळे बाहेर येतात आणि कधी कधी जठर उलटे होऊन तोंडातून बाहेर डोकावते. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि पक्षी किंवा शार्क त्याला गाठतात. बाहेर आलेले जठर टोचणे हा उपाय नव्हे, त्याने इजा वाढते. वजन बांधलेल्या, खाली गेल्यावर आपोआप सुटणाऱ्या गळाच्या साहाय्याने माशाला मूळ खोलीच्या जवळपास परत नेले तर वायू पुन्हा दाबला जातो आणि जगण्याची शक्यता बरीच वाढते. मासा पाण्याबाहेर जितका कमी वेळ राहील तितके चांगले, आणि हाताळताना हात ओले असावेत, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जात नाही. सुळ्यांपासून बोटे दूर ठेवावीत, कारण ही तांबोशी होडीतही चावायला कचरत नाही.